बुधवारची रीडिंगं

सकाळी साडेसहाला दुधाची पिशवी घेऊन चौकातून वळलो आणि फळ्यावर इलेक्ट्रॉन दिसला. हा फळा आमच्या पेठेतल्या मंडळाचा. पाणी कधी सुटणार ते त्यावर असतं, रक्तदान शिबिर असतं, कोण गेलं ते असतं, आणि यातलं काहीच नसेल त्या दिवशी एखादा सुविचार असतो. आज वर तारीख, त्याखाली 'पाणी : गुरुवारी पहाटे ४ ते ६', आणि त्याखाली त्याच वळणदार अक्षरात, 'इलेक्ट्रॉनांचा स्फटिक अखेर दिसला. नव्वद वर्षांपूर्वीचे भाकीत खरे.' बस्स. कुठं दिसला, कुणाला दिसला, काही नाही. एका रिक्षावाल्यानं पाण्याची वेळ वाचली आणि तो निघून गेला. भाजीवाल्या बाईंनी पाटी खाली ठेवून विचारलं, "कोण गेलं ओ सर?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग ते खाली काय लिवलंय एवढं?" म्हटलं, बातमी आहे. त्यांना हायसं वाटलं. मला मात्र तिथल्या कट्ट्यावर बसावं लागलं. या अख्ख्या पेठेत त्या ओळीचा अर्थ लागणारा माणूस मी एकटा, आणि ज्यानं ती लिहिली त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

लिहिणारा धनाजी वाघमोडे. आमच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचो आणि तो प्रयोगशाळेत सहायक होता. गाव सांगोल्याकडचं, घरची मेंढरं. लहानपणी पाटीवर लिहायला मिळालं नाही म्हणून की काय, फळा दिसला की याचे हात शिवशिवायचे. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून, वाळवून ठेवायचा, म्हणजे अक्षर उठून दिसतं म्हणे. दोन गल्ल्या सोडून राहतो. बावीस वर्षं झाली, आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. एका पेठेत राहून बावीस वर्षं न बोलणं हे काही सोपं काम नाही, त्याला फार लक्ष ठेवावं लागतं. तो समोरून आला की मी औषधाच्या दुकानात शिरतो. घरात क्रोसिनचा ढीग झालाय. पण रोज सकाळी त्याचं अक्षर मात्र मी वाचतो. त्याचा हात कापायला लागला ते मला फळ्यावरच कळलं, गेल्या पावसाळ्यात. 'क्ष' फुटायला लागला होता. सहा वर्षांपूर्वी एके सकाळी असाच दूध घेऊन वळलो तर फळ्यावर त्याच अक्षरात होतं, 'सौ. मायाक्का धनाजी वाघमोडे यांचे निधन. अंत्ययात्रा सकाळी १० वाजता.' बायको घरात, आणि हा चौकात उभं राहून शिरोरेघा ओढून गेला होता. एकही रेघ वाकडी नव्हती. मी ती नोटीस दोनदा वाचली. मायाक्कानं मला किती वर्षं धपाटे खाऊ घातले होते! घरी आलो, दूध तापवलं, दहा वाजेपर्यंत खुर्चीत बसलो, आणि गेलो नाही. शेंडी तुटो की पारंबी तुटो, असला माझा स्वभाव. तेव्हा त्याला मी स्वाभिमान म्हणत होतो.

घरी येऊन मोबाईलवर बातमी शोधली. खरंच होतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत, ग्राफीनचे, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनचे, दोन थर एकावर एक ठेवून, निरपेक्ष शून्याच्या अगदी काठावर नेऊन ठेवलेल्या गारठ्यात, बारीक सुईच्या टोकानं चाचपत चाचपत त्यांनी चित्र काढलं होतं. चित्र मी इतका वेळ पाहिलं की दूध उतू गेलं. ठिपके, आणि त्यांच्यात सारखं अंतर. त्रिकोणी नक्षी, आपल्या दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी, रेघा ओढायच्या आधीची. कुणाला सांगावं म्हणून मोबाईलमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. गॅस एजन्सी. दातांचे डॉक्टर. एक भाचा आहे अक्कलकोटला, शिवराज, तो दिवाळीला फोन करतो आणि "तब्येत कशी, मामा" असं विचारून उत्तर यायच्या आत "काळजी घ्या" म्हणतो. लग्न केलं नाही, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण आज वाटलं. आयुष्यभर जे कागदावर पाहिलं ते असं हातात उजळून आलंय आणि शेजारी, "बघ बघ, हे बघ," म्हणायला माणूस नाही. मी ते खोलीलाच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. आवाज ओळखीचा वाटेना.

खरं म्हणजे गोष्ट साधी आहे. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, हे शाळेतलं पोर सांगेल. पण ते अगदी थोडे असले, आणि गारठा असा की त्यांच्या पायांतली धावच निघून गेली, तर मग एकमेकांना लांब ढकलण्याची तेवढी त्यांची खोड उरते. प्रत्येक जण दुसऱ्यांपासून जास्तीत जास्त लांबची जागा धरतो. सगळ्यांनीच तसं केलं की आपोआप नक्षी उभी राहते. कुणी कुणाला धरलेलं नाही, तरी स्फटिक. हे नव्वद वर्षांपूर्वी कागदावर मांडलं गेलं होतं. मधल्या काळात आडून आडून पुरावे मिळाले, पण असा समोरासमोर कुणी पाहिला नव्हता. मी विद्यार्थी असताना हे वाचलं आणि त्या वेडानं धरलं ते सुटलंच नाही. सोलापुरात बसून, थंडीचा नाही पत्ता आणि चाळीसच्या वर पारा, मी वीस वर्षं गारठ्याचं गणित करत होतो. माझं म्हणणं असं होतं की इलेक्ट्रॉन ज्या पातळ फिल्ममध्ये असतात ती अशुद्ध असेल तर त्या अशुद्धीच्या आधारानं हा स्फटिक जरा जास्त तापमानालाही तग धरेल. थोडक्यात, द्रव नायट्रोजनच्या गारठ्यातसुद्धा त्याची चाहूल लागेल. हे मी का म्हणत होतो? गणितातून निघत होतं म्हणून? छे. नायट्रोजनपेक्षा गार काही आम्हाला मिळण्यासारखं नव्हतं म्हणून. दुधाची तहान ताकावर, तसलाच प्रकार, फक्त त्याला मी सिद्धांत म्हणत होतो.

नायट्रोजनसुद्धा कुठून आणायचा? तर अकलूजहून. तिथल्या एका डेअरीत जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायला नायट्रोजन लागतो. धनाजीनं तिथल्या माणसाशी ओळख काढली. पहाटेच्या एसटीनं जायचा, तो अॅल्युमिनियमचा कॅन भरून घ्यायचा आणि परतताना मांडीवर, लेकरू घेऊन बसल्यासारखा, घेऊन यायचा. झाकणातून वाफ निघायची, म्हणून लोक बाजूची सीट सोडून उठायचे. "लई ऐसपैस आलो आज," असं सांगायचा. कॅन आणल्यावर आम्हाला जेमतेम एक दिवस मिळायचा. तो तारा जोडायचा, मी वही उघडायचो. मी त्याला तू म्हणायचो आणि तो मला सर, तुमी. एवढी मैत्री असून हे बदललं नाही आणि मला ते तेव्हा कधी खटकलंही नाही. रीडिंगं यायची ती अशी वेडीवाकडी, की विचारू नका. व्होल्टेज नाचायचं, तारा सुटायच्या, आणि माझ्या सिद्धांताला हवी असलेली वर चढणारी रेघ काही केल्या यायची नाही. एका संध्याकाळी मी वैतागून आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं रेघ ओढली. म्हटलं, "हे बघ धनाजी, इथून अशी वर जायला पाहिजे. इथं. ती जात नाही म्हणजे आपल्या जोडण्यातच घोळ आहे." तो त्या रेघेकडे बघत राहिला. आता आमच्या प्रयोगशाळेची रीत सांगायला हवी. परीक्षेत लंबकावरून गुरुत्वाकर्षण काढताना पोराचं उत्तर चुकलं की धनाजी हळूच मागे जाऊन उभा राहायचा आणि पुटपुटायचा, "नऊशे ऐंशी यायला पायजे." पोरगं मग उत्तरावरून उलटं मागे जात रीडिंगं भरायचं. सगळी कॉलेजं हेच करतात. मी ते पाहायचो आणि सही ठोकायचो. अशा माणसाच्या पुढ्यात मी पेन्सिलीची रेघ ओढली होती.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, धनाजीनं एकट्यानं रीडिंगं घेतली आणि संध्याकाळी वही माझ्यापुढे ठेवली. सगळे बिंदू रेघेवर. मी ती रीडिंगं घेऊन पुण्याच्या परिषदेला गेलो. बोललो, आणि लोकांनी ऐकून घेतलं. मग मागच्या रांगेतून एक तरुण प्राध्यापिका उठल्या. अतिशय अदबीनं त्यांनी विचारलं, "सर, तुमचे बिंदू रेषेवरून जरासुद्धा हललेले नाहीत. सोलापुरात लोडशेडिंग नसतं का?" सभागृह हसलं. फार नाही, पण हसलं. मी कागद गोळा केले आणि खाली उतरलो. परत आल्यावर स्टाफरूममध्ये, सगळ्या विभागादेखत, मी वही धनाजीच्या अंगावर फेकली आणि म्हणालो, "मेंढरं राखायची अक्कल घेऊन प्रयोगशाळेत आलं की हे असं होतं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्यानं वही उचलली, तिची पानं सारखी केली, टेबलावर ठेवली आणि गेला. झालं, तेव्हापासून अबोला. पेठेत सगळ्यांना हीच हकीकत माहीत आहे: धनाजी मास्तरनं खोटी रीडिंगं दिली आणि कलशेट्टी सर बिचारे तोंडघशी पडले.

बाराच्या सुमारास काशम्माच्या खानावळीत गेलो. काशम्मा म्हणजे आमच्याच गल्लीतली, साठीची, मराठीत कन्नड आणि कन्नडमध्ये शिव्या मिसळून बोलणारी बाई. पंधरा वर्षं मी तिच्याच हातची कडक भाकरी खातोय. "बर्री, या सर. आज लवकर?" म्हणत तिनं ताट मांडलं. माझ्या पोटात ती बातमी मावेना. मी शेंगाचटणीच्या बोटांनीच ताटात शेंगदाण्याचे कण मांडून तिला सांगायला लागलो: हे इलेक्ट्रॉन, हे एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून बघा कसे सारख्या अंतरावर बसले. तिनं कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे एकमेकाजवळ जात नाहीत, आणि जागा सोडून लांब पण पळत नाहीत?" म्हटलं, नाहीत. "मग एकमेकासाठीच बसलेत की तिथं," ती म्हणाली आणि वाटीत ताक घ्यायला वळली. वळता वळता म्हणाली, "धनाजी मास्तर चालले, माहीत आहे ना? टेंभुर्णीला, लेकीकडं. कायमचे. दोनला टेम्पो येणार म्हणे. एकट्याला होईना आता." मी म्हटलं, माहीत आहे. मला कसं माहीत असणार? मला कुणी काय सांगतं? हातातला तुकडा मी परत ताटात ठेवला. म्हणजे सकाळची ती ओळ जाता जाता लिहिलेली होती.

खानावळीतून बाहेर पडलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर पायाला चिकटत होतं. पाय घराकडे न्यावेत की त्या गल्लीकडे, हे मला ठरवता येईना, आणि मी नुसता उन्हात उभा राहिलो. कारण पेठेला जी हकीकत माहीत आहे ती अर्धी आहे. उरलेली अर्धी मी कुणाला सांगितलेली नाही, आणि ती सांगायला दोन वाजेपर्यंतच वेळ होता. त्या बुधवारी अकरा ते तीन लाईट नव्हती. अख्ख्या कॉलेजात नव्हती. मी स्वतः स्टाफरूममध्ये घामाघूम होऊन कुणाच्या तरी जर्नलनं वारा घेत बसलो होतो. आणि संध्याकाळी धनाजीच्या वहीत वेळेच्या रकान्यात सव्वाबारा, साडेबारा, पाऊण. मीटर ज्या वेळी मेलेले होते त्या वेळची रीडिंगं. माझी नजर त्या साडेबारावर पडली, थांबली आणि पुढे सरकली. मला त्याच क्षणी कळलं. पुण्याच्या त्या बाईंनी मला नवीन काही सांगितलं नव्हतं. मी जाणूनबुजून ती वही बॅगेत घातली होती, आणि पकडला गेल्यावर त्याला चोर ठरवलं होतं. मी नीच वागलो. बावीस वर्षं औषधाच्या दुकानात शिरत होतो तो रागानं नव्हे, भीतीनं. एक वाक्य बोलायचं होतं: मला माहीत होतं. तीन शब्द. तेवढ्यासाठी मी एका बाईच्या अंत्ययात्रेला गेलो नाही.

गेलो शेवटी. टेम्पो दारात लागलेलाच होता, त्यात कपाट, पिठाचा डबा, वळकट्या. धनाजीची मुलगी दिपाली दोरी आवळत होती. तिच्या लग्नात पाहिलेली, आता कानाजवळ केस पांढरे. मला बघून तिचे हात थांबले. "काका? या की," म्हणाली, आणि आत हाक दिली, "आण्णा, कलशेट्टी सर आलेत." तो मोकळ्या झालेल्या खोलीत बाजेवर बसला होता. फार वाळला होता. उठायला गेला, मी हातानं बस म्हटलं. बाजेच्या दुसऱ्या टोकाला मी बसलो. मधे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"वाचलं," मी म्हटलं.

"म्हटलं, एक जण तरी वाचंल." तो जमिनीकडे बघत होता. "पेपरात चार वळी हुत्या. खरंच दिसलं का सर? का आपल्यावानीच?"

"खरंच दिसलं." मी मोबाईल काढून त्याला चित्र दाखवलं. त्यानं ते डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. "ठिपके जरा पुसट हायती."

"एवढं गोठूनसुद्धा ते जागच्या जागी हलत असतात. म्हणून."

"किती गारठ्यात?"

सांगितलं. त्यानं मनाशी हिशेब केला आणि त्याच्या मिशीखाली हसू आलं. "मग आपल्या अकलूजच्या कॅननं कवाच न्हवतं व्हायचं हे." मीही हसलो. बावीस वर्षांनी आम्ही दोघं एका गोष्टीला हसलो आणि मला वाटलं, हे असंच ठेवावं, उठावं, नमस्कार करावा, झालं. किती सोपं होतं. पण बाहेर दिपाली ड्रायव्हरला "दहा मिनिटं" म्हणताना ऐकू आली.

"धनाजी, त्या बुधवारी लाईट नव्हती."

"न्हवती."

"मला माहीत होतं. वही बघितली त्याच संध्याकाळी कळलं होतं. पुण्याला जायच्या आधी."

त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. "आदी?"

"आधीच. मला माहीत होतं आणि तरी नेलं. दोष माझा होता, आणि तुला नाही नाही ते बोललो. माफ कर."

 त्यानं गुडघ्यावरच्या हातावर दुसरा हात ठेवला. "साडेबाराला म्या कुटं हुतो, आठवतंय का?"

मला आठवेना.

"तुमच्याजवळ. चा घिऊन आल्तो. तुमी म्हनला, बस धनाजी, अर्धा घे. बशीतनं पिलो म्या. समोर बसून." तो हळू बोलत होता, मला समजवल्यासारखं. "म्हनून तर साडेबाराचं लिवलं. तुमी पेन्सिलीनं रेघ वडली, तुमाला न्हाय म्हनायला माजं त्वांड न्हवतं. म्हनलं, हे लिवतो. सर लगीच धरताल. चा आठवंल, हसताल, म्हनताल, धनाज्या, गाढवा, साडेबाराला तर तू हितं बशी चाटत हुतास. आन् वही फाडून टाकताल. इषय संपला."

 तो चहा, ती बशी, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. साडेबारा तेवढं आठवत होतं.

"तुमी धरलंच न्हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, सरांनी बगितलंच न्हाय. माज्या हातचं हाय म्हनून डोळं झाकून घेतलं. एवडा इस्वास. आन् त्या मानसाला म्या पुन्यात नेऊन पाडलं. मग तुमी मेंढराचं बोलला ते मला लागलंच न्हाय. म्हनलं, बरुबर हाय, तेवडा हक हाय त्यांचा. मायाक्का मरूस्तवर म्हनत हुती, जावा, पाय धरा सरांचं. माजं धाडस झालं न्हाय. आज जायचं हुतं म्हनून म्हनलं, निदान फळ्यावर लिवून तरी जावं."

"धनाजी—"

"म्हंजी बगितलं हुतं तुमी."

"बघितलं होतं."

त्यानं मान हलवली. "आण्णा, चला, ऊन कलायच्या आत पोचू," दिपाली दारातून म्हणाली. मी उठून त्याला हात दिला. तो बाजेची कड धरून उठला. दाराशी चप्पल घालताना म्हणाला, "बरं झालं सांगितलं," असं, परक्या माणसाला म्हणतात तसं. दिपालीनं त्याला पुढच्या सीटवर बसवलं, बाज मागे चढवली, माझ्या पाया पडली, "या काका टेंभुर्णीला," म्हणाली. टेम्पो निघाला. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मला त्याचं डोकं काचेतून दिसत होतं, ते वळलं नाही. बावीस वर्षं तो माझ्यावर रागावलेला नव्हता, हे मला आज कळलं. आता रागावेल.